‘घेतलं’ म्हणेपर्यंत जबाबदारी आपली

सन्माननीय अध्यक्षबाई, आपल्या सगळ्या पाळणाघरांचे हक्काचे डॉक्टर आणि आजचे प्रमुख पाहुणे, व्यासपीठावर अवघडून बसलेले आजचे सत्कारमूर्ती, ज्यांचं खरं नाव पत्रिकेवर वाचून निम्म्या सभागृहाने "हे कोण बुवा?" असं विचारलं ते आपले नाहीकाका, वर बसायचा आग्रह मोडून पहिल्या रांगेत बसलेल्या काकू, संघटनेच्या पाळणाघरचालक भगिनी, दोन-तीन बंधूही दिसतायत ते, आपल्या सगळ्या मदतनीस मावश्या, आणि मागच्या खुर्च्यांखाली जी पळापळ चाललीय ती छोटी मंडळी, तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

अध्यक्षबाईंनी मला पाच मिनिटं दिलीत. अध्यक्षबाई स्वतः पाळणाघर चालवतात, त्यामुळे पाच मिनिटांत काय होतं हे त्यांना ठाऊक आहे. पाच मिनिटांत एका मुलाचा एक मोजा सापडतो. दुसऱ्याला वेगळी पाच मिनिटं लागतात. तेव्हा थोडं पुढे-मागे झालं तर सांभाळून घ्या.

काका आज आपलं ऑफिस बंद करतायत. ऑफिस म्हणजे काय, जिन्याखालची एक खोली, एक टेबल आणि पाहुण्यांसाठी एक खुर्ची. दुसरा पाहुणा आला की काका स्वतः उभे राहायचे. विम्याचा माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गोड बोलणारा माणूस येतो. काकांनी उभ्या आयुष्यात गोड बोलून एक पॉलिसी विकली असेल तर मी आत्ता हा माईक खाली ठेवीन. त्यांना काहीही विचारा, पहिला शब्द ‘नाही’. मग चष्मा पुसणार. मग म्हणणार, "पण..." त्या ‘नाही’ आणि ‘पण’च्या मधे जो चष्मा पुसला जातो ना, तेवढ्यात आपल्यापैकी कित्येकींनी देव आठवलेले आहेत.

आता नव्या चालिकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या सगळ्यांच्या दारात संध्याकाळी एक पद्धत आहे. मूल पालकाच्या हातात देताना मदतनीस मोठ्याने म्हणते, "दिलं." पालक म्हणतात, "घेतलं." ते ऐकू आल्याशिवाय आपण मुलाचा हात सोडत नाही. नवीन बाबा लोक लाजतात, इकडेतिकडे बघत पुटपुटतात. चालत नाही. पुन्हा म्हणायला लावतो. ही पद्धत आली कुठून? माझ्या पाळणाघराची पहिली पॉलिसी काढायला काका आले होते तेव्हा त्यांनी विचारलं, "मूल दारात आहे, आई चप्पल घालतेय, तुमची बाई वळून आत गेली आणि मूल पायरीवरून पडलं. जबाबदारी कोणाची?" मी म्हटलं, आईची. काका म्हणाले, "नाही." मी म्हटलं, मग माझी. "नाही." मग कोणाची हो? तर म्हणाले, "भांडणाची."

तिथे आमच्या मावशी फरशी पुसत होत्या. त्या फरशीवरूनच म्हणाल्या, "मग तोंडाने म्हणून घ्यावं की. मी दिलं म्हणेन, त्यांनी घेतलं म्हणावं." झालं. काकांनी ती पद्धत पुढे गावभर नेली. पॉलिसी देताना ते हप्त्याची तारीख एकदा सांगायचे आणि दिलं-घेतलं तीनदा.

या मावशी आज इथे आहेत, काकूंच्या शेजारी. मावशी, हात वर नका करू, सगळे ओळखतात तुम्हाला.

तर, साथीचे दिवस. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, अशी आपली अवस्था झाली होती. आपला धंदा काय? लोकांची मुलं जवळ घेणे. आणि हुकूम काय निघाला? कोणी कोणाला जवळ घ्यायचं नाही. दारं बंद झाली. मग संघटनेने फोनवर दर आठवड्याला एक सभा ठेवली, आणि प्रश्नांची उत्तरं द्यायला काकांना बसवलं. फुकट. आठवतंय ना? सगळ्या एकदम बोलायच्या, कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी, कोणाचा नवरा मागे बनियनवर.

पहिला प्रश्न अध्यक्षबाईंचाच होता. "काका, धंदा बंद पडलाय, विम्यातून भरपाई मिळेल ना?" नाही. "अहो, नुकसान झालंय." काका म्हणाले, "पॉलिसीतलं नुकसान म्हणजे आग, पूर, पडझड. तुमच्या भिंती धडधाकट आहेत. पण हप्ता मात्र थांबवू नका. बंद जागेतही पाइप फुटतो." दोन महिन्यांनी कोणाचा पाइप फुटला ते मी सांगत नाही. अध्यक्षबाई माझ्याकडे बघतायत.

दुसरीने विचारलं, पालकांकडून लिहून घेतलं की ‘मूल आजारी पडल्यास आमची तक्रार नाही’, तर आपण सुटलो का? नाही. "पण स्वच्छता कशी ठेवता ते त्यांना दाखवा. सही घेतल्याने हात धुतले जात नाहीत." तिसरीने विचारलं, माझी मदतनीस भीतीने येत नाही म्हणते, काढून टाकू का? नाही. "पण तिला कशाची भीती वाटते ते आधी विचारलंत का?" नव्हतं विचारलं. तिच्या घरी अंथरुणाला खिळलेले सासरे होते.

असं सगळं हसतखेळत चाललं होतं म्हणा. मग परवानगी आली. ज्यांना कामावर जावंच लागतं, नर्स, बसचालक, सफाई कामगार, त्यांच्या मुलांसाठी पाळणाघर उघडा, थोडी मुलं, खिडक्या उघड्या. मी उघडलं. आणि माझ्यापुढे मावशी उभ्या राहिल्या. साठी ओलांडलेली, त्यात साखर, त्यात दमा. इथे बसलेल्या डॉक्टरांनीच मला सांगितलं होतं, या बाईंना गर्दीत आणू नका. बरोबर होतं त्यांचं. पण मावशींचं घर चालतं त्यांच्या पगारावर, आणि त्याहून खरं सांगायचं तर मावशी चालतात त्या मुलांवर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. येऊ दिलं तर जिवाला धोका, नको म्हटलं तर तोही जिवालाच.

मी आपली शब्द जुळवून म्हटलं, "मावशी, तुम्ही थोडे दिवस घरीच थांबा."

मावशी आत गेल्या. एप्रन काढला, घडी घातली, त्यावर फडताळाची किल्ली ठेवली. दारात आल्या, हात लांब केले आणि म्हणाल्या, "दिलं, ताई."

आणि उभ्या राहिल्या. मी काय म्हणायचं असतं ते इथल्या प्रत्येकीला माहीत आहे. ते माझ्याने म्हणवेना. मास्कच्या आत मी रडत होते, मावशीही. बरं झालं मास्क होते. शेवटी एप्रन त्यांनीच पायरीवर ठेवला आणि निघून गेल्या. तो मी उचलायला गेले तर हात पुढे होईना. मी तिथेच पायरीवर बसून काकांना फोन लावला.

म्हटलं, "काका, वयामुळे मी त्यांना कामावरून थांबवू शकते का?" नाही. "मग त्या आल्या आणि त्यांना लागण झाली तर कामगारांच्या विम्यातून मिळेल का?" नाही. "आजार कामावरच लागला हे सिद्ध करायला जन्म जाईल," म्हणाले. मी चिडले. म्हटलं, मग मी करू तरी काय? चष्मा पुसल्याचा आवाज फोनवर येत नाही, पण मला आला.

काका म्हणाले, "त्यांनी ‘दिलं’ म्हटलं. तुम्ही ‘घेतलं’ म्हणालात का?"

म्हटलं, "नाही."

"मग त्या अजून कामावर आहेत. एप्रन तिथेच राहू द्या. काम काय द्यायचं ते बघा, काम आहे की नाही ते बघू नका."

काम काय द्यायचं? ते मुलांनीच दुसऱ्या दिवशी दुपारी सांगितलं. झोपायची वेळ झाली आणि एकही मूल झोपेना. मी थोपटलं, धाकट्या मदतनीस मुलीने थोपटलं, गाणी झाली, ओरडून झालं. आमच्याकडचा एक पैलवान होता, नर्सबाईंचा मुलगा, तो उशी घेऊन दारात जाऊन बसला. म्हणाला, "मावशी येऊ दे, मग झोपतो." मी फोन लावला, आवाज मोठा केला आणि खोलीच्या मधोमध एका पाटावर ठेवला. पलीकडून मावशींनी नेहमीसारखं सुरू केलं. आधी प्रत्येकाचं नाव घेऊन दटावणी, "पैलवान, पाय आत," न बघता कळत होतं त्यांना, आणि मग ती एकसुरी अंगाई. पैलवान दारातच आडवा झाला. हळूहळू सगळी खोली शांत झाली.

मी संघटनेच्या फोनवरच्या सभेत विचारलं, "काका, फोनवरून झोपवणं हे काम धरता येईल का? यासाठी पगार दिला तर तो नोकरीचा पगार ठरेल का?" सगळ्या ‘नाही’ची वाट बघत होत्या. काका म्हणाले, "मला आधी काम बघावं लागेल."

विम्याचा माणूस, पाहणी केल्याशिवाय बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनाही फोनवर जोडलं. मावशींनी दटावलं, मावशींनी गायलं, मुलं पेंगुळली. आणि मग त्या शांत खोलीत, पाटावरच्या त्या फोनमधून घोरण्याचा आवाज यायला लागला. मावशी म्हणाल्या, "हा कोणाचा? आपल्याकडे एवढं मोठं कोणी नाही." सगळी मुलं खदखदून हसत उठली. झोपेचा पार बोजवारा. काकूंनी पलीकडून फोन घेतला आणि म्हणाल्या, "पाहणी चालू आहे, थोड्या वेळाने बोलतील."

संध्याकाळी काकांचा फोन आला. मला आजही ते तसंच ऐकू येतं. पहिला शब्द, "होय."

होय, हे काम आहे. होय, पगार द्या, नोकरी चालू ठेवा, तसं त्यांना कळवा. त्या काळात आम्हा सगळ्यांचेच पगार कमी झाले, माझाही, पण मावशींचा थांबला नाही. साथ ओसरल्यावर एके सकाळी मावशी आल्या. पायरीवरचा एप्रन मी दाराच्या खुंटीला अडकवून ठेवला होता, आतल्या कपाटात नाही. त्यांनी तो उचलला, वास घेतला आणि म्हणाल्या, "धुतला नाहीत वाटतं." एवढंच. दटावणी सुरू.

काका, लोक म्हणतात तुम्ही आम्हाला विमा दिलात. विमा कोणीही देतं हो. तुम्ही आम्हाला नाही म्हणालात आणि आमची माणसं आमच्यापाशी राहिली. मला तुमचा आधार वाटतो, फार वाटतो, हे मी इतकी वर्षं बोलले नाही, आज बोलते.

पाच मिनिटं कधीच संपली. सभागृह देणाऱ्या मंडळींचे, चहा करणाऱ्यांचे, आणि डॉक्टरसाहेबांचे आभार. बोलताना कोणाचा पाइप किंवा कोणाचं बनियन निघालं असेल तर पोटात घाला, आपल्या धंद्यात रुसवा दुपारच्या झोपेपर्यंतच टिकतो.

आता एकच राहिलं. काकू, जरा उभ्या राहता? काका, तुम्ही माझा हात धरा, पायरी आहे. हळू. काकू, इतकी वर्षं सकाळ-संध्याकाळ हे आमच्याकडे होते. कुठे खरचटलेलं नाही, डबा संपवलाय, दुपारी थोडी झोपही झालीय. पद्धत ती पद्धत.

दिलं.

लाजू नका काकू, मोठ्याने म्हणा. त्याशिवाय मी हात सोडणार नाही.

काय म्हणालात? मागे ऐकू गेलं नाही, मी माईकवर सांगते सगळ्यांना. काकू म्हणतायत, "घेतलं. पण उद्या सकाळी परत आणून सोडीन."