मनूच्या ताटातलं म्या काढलं

जमलेल्या आया-बहिणींनो, भावांनो, शाळेच्या बाई, आन मनूच्या वर्गातल्या लेकींनो. म्या मनूची चुलती. तिची आई अजून अंथरुणातनं उठलेली न्हाय, म्हणून म्या उभी राहिले. चार माणसांत कधी बोललेली बाई न्हाय म्या. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची मनू गेली. पंधरा वर्षांची पोर, दहावीतली. लोक म्हणतात, देवाची मर्जी. आहो, देवाला कशाला मधी घेता? घरात सैपाक म्या करते. ताट म्या वाढत होते.

मनूची पाळी दहा-दहा, बारा-बारा दिवस चालायची. आमी म्हणलो, अंगात उष्णता हाय. मग उष्ण ते सगळं बंद. गूळ बंद. तीळ बंद. अंडं तर न्हायच न्हाय. दूध-भात खा म्हणलं. पोर गुमान खायची. एकदा म्या दाणे भाजत होते. दाराशी उभी राहून म्हणाली, "काकू, मूठभर द्या ना." म्या म्हणलं, चार दिवस जाऊ दे. तिचे दिवस चारात कधी संपलेच न्हाईत.

शाळेतनं रक्तवाढीच्या गोळ्या मिळायच्या. तिला काळी शी झाली. म्या घाबरले, गोळ्या उष्ण पडल्या म्हणलं आन बंद केल्या. बाई घरी आल्या, त्या गोळ्यांनी शी काळी होतेच म्हणून समजावलं, दवाखान्यात न्या म्हणल्या. म्या त्यांना चहा पाजला आन वाटंला लावलं. बाई, मला माफ करा.

पुढं पुढं पोर पाटीवरची पेन्सिल खायला लागली. चोरून कच्चे तांदूळ खायची. म्या तिला चटोर म्हणलं. जिना चढताना दम लागायचा, तर आळशी म्हणलं. काय काय म्हणलं म्या तिला!

शाळेत चक्कर येऊन पडली, तवा सोलापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच उरलं न्हाय, पेन्सिल खाणं, दम लागणं त्याच्यापायीच. इतकं जात होतं तर इलाज करायचा होता, आन पोटभर चांगलं खायला घालायचं होतं. भाजीपाला, डाळी, गूळ, अंडी. जे जे म्या काढलं, तेच त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मनू गेली.

आता एकच सांगते, मग बसते. मनूची धाकटी बहीण दीपा, ती बघा, खांबाला टेकून बसलीय. सातवीत हाय. काल कळलं, तिला पाळी येऊन तीन महिने झाले. आईला सांगितलं न्हाय, मला न्हाय. म्या विचारलं, का गं बाई, का लपवलंस? माझ्याकडं न बघता म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही माझं बी जेवण बंद केलं असतं."

दीपा, इकडं ये बाळा. माझा हात धर.

मंडळी, आता मनूसाठी जरा उभं राहा.