पिवळा फास

क्लबचे माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे सचिव आणि कार्यकारिणीतली सगळी मंडळी, ज्यांच्यासाठी आपण आज जमलो ते आपले मास्तर, बोट चालवणारे आमचे कप्तान, पालक, आणि मागच्या रांगांत ओल्या केसांनी बसलेल्या मुलामुलींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मघाशी सचिव कानाशी येऊन म्हणाले, "वहिनी, गोड बोला हं." प्रयत्न करते.

मी या क्लबात चौदा वर्षं उलटी बसले. पाहुण्यांना याचा अर्थ सांगायला हवा. बोट पुढे पळते, कप्तान पुढे बघतात. मागे दोराच्या टोकाला, एकाच स्कीवर, म्हणजे लांबट फळीवर, दोन्ही पाय रोवून कोणीतरी पाणी कापत येत असतं. त्याच्यावर नजर ठेवायला बोटीत एक माणूस मागे तोंड करून बसवावा लागतो. कोणी पडलं की झेंडा वर करायचा, गोळे मोजायचे, वहीत लिहायचं. ते काम माझं. आपण कुठे चाललो आहोत हे मला कधी दिसलं नाही. मागे काय राहिलं, तेवढं स्पष्ट दिसलं.

पाण्यावर सहा गोळे तरंगतात, तीन डावीकडे, तीन उजवीकडे. त्या सगळ्यांना बाहेरून वळसा घालायचा. जमलं की दोर एका फासाने आखूड करायचा. लाल, मग नारिंगी, मग पिवळा, असे दोराला रंगीत फास असतात. दोर आखूड होतो, गोळे मात्र तिथेच राहतात. तुमचा हात पूर्वी पोचत होता तिथे आता पोचत नाही, म्हणून शरीराने पोचायचं. या खेळातली सगळी मेख इथे आहे.

मास्तरांची शिकवायची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे, कारण सगळ्यांनी तिची थट्टा केली आहे. बोटघराच्या खांबाला एक हॅण्डल बांधलेलं असायचं. पाण्यात उतरण्याआधी वीस मिनिटं ते धरून कोरड्या जमिनीवर मागे रेलून उभं राहायचं. "हात खाली, कंबरेशी. गुडघे सैल. नजर पलीकडच्या काठावर, गोळ्यावर नाही. हॅण्डल छातीशी ओढलंस की गेलीस." एका वडिलांनी वैतागून विचारलं होतं, "मास्तर, मुलं पाण्यात जाणार कधी?" मास्तर म्हणाले, "खांब कंटाळला की."

दिवसाची सुरुवात प्रत्येकाने लांब दोरावरच करायची, मग तो कितीही मोठा पदकवाला असो. सहा फेऱ्या झाल्या की बाहेर यायचं. सातवीसाठी रडलात तरी नाही. "दमलेलं अंग चुकाच पाठ करतं," म्हणायचे. आणि सलग तीन दिवस सहाही गोळे स्वच्छ झाल्याशिवाय पुढचा फास लावायचा नाही. दोन दिवस नाही, तीन दिवस. चौदा वर्षांत या नियमाला एकदाच अपवाद झाला. त्याच्याकडे येतेच.

मघाशी मानपत्र वाचलं गेलं. फ्रेम सुंदर आहे. त्यात लिहिलंय की मास्तर "वाढत्या वयामुळे" निवृत्त होत आहेत. मास्तरांचं वय त्रेसष्ट. गेल्या मंगळवारी ते लांब दोरावर सहाही गोळे फिरून आले, मी मोजलेत. उतरल्यावर मलाच म्हणाले, "तिसऱ्याला उशीर झाला." मग वाढलं काय? वय की तक्रारी?

असो. गोड बोलायचं ठरलंय.

माझी लेक तिसऱ्या रांगेत बसली आहे. तुम्ही तिला लहानपणापासून पाहता. माझ्या मांडीवर बसून ती गोळे मोजायला शिकली, आकडे त्यानंतर. तिच्या वळणात वेग होता, पण खोड एकच: गोळ्याला वळसा घातला की घाई करायची आणि हॅण्डल छातीशी ओढायची. मास्तरांनी तिला खांबाशी उभं केलं ते दोन उन्हाळे. निवड चाचणी नऊ दिवसांवर आली तेव्हा तिचे नारिंगी फासावर दोनच दिवस स्वच्छ झाले होते. चाचणीला पिवळा लागतो.

मास्तर म्हणाले, "या वर्षी नको."

मी म्हटलं, "मास्तर, तिचं एक वर्ष जाईल हो."

"खांदा जाण्यापेक्षा बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दाढ काढायला गेले होते. लेकीने लांब दोराची फेरी केली, मग नारिंगीची. पाच गोळे झाले, सहावा सुटला. म्हणजे तिसरा दिवस हुकला होता. मी दोर ओढून घेतला आणि पिवळा फास बोटीच्या खुंटीला अडकवला.

कप्तानांनी मान वळवली. "ताई, मास्तरांनी सांगितलंय?"

मी म्हटलं, "हो. काल रात्री फोन आला होता."

पाण्यातून लेक ओरडली, "खरंच? मास्तर हो म्हणाले?" तिचा तो चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही. माझ्या परवानगीने तो इतका खुलला नसता.

चौथ्या गोळ्यापाशी तिने हात लांबवला, वळली, आणि हॅण्डल छातीशी ओढलं. दोर सैल पडला. बोट तर चालूच होती. सैल दोर ताठ होतो तेव्हा जो झटका बसतो, तो मी पाहिला. मी झेंडासुद्धा वर केला नाही. कप्तानांनी माझी किंकाळी ऐकून बोट थांबवली. दोन शस्त्रक्रिया झाल्या. आज ती केस विंचरायला हात वर नेऊ शकत नाही. मी विंचरते.

आता आभाराचं. कप्तानांचे आभार मानते. चौकशीत ते खरं तेच बोलले: मास्तरांनी सांगितलंय असं ताई म्हणाल्या. त्या खरेपणाबद्दल त्यांना ताकीद मिळाली. मग मास्तरांना विचारलं गेलं. मी समोरच बसले होते. माझ्याकडे एकदा बघून ते म्हणाले, "दोर ही माझी जबाबदारी." कार्यकारिणीने हे तत्परतेने लिहून घेतलं. जिन्यात मी त्यांना गाठलं, तर म्हणतात, "तिला दवाखान्यात ने-आण कोण करणार, मी? तुमच्यावर चिडून तिला कसं परवडेल? माझ्यावर चिडू दे."

आणि ती चिडली. दहा महिने त्यांच्याशी बोलली नाही. "त्यांनी हो म्हटलंच कसं, आई?" असं मला विचारायची, आणि मी तिची वेणी घालत राहायचे.

सचिवांचेही आभार मानायला हवेत. चौकशीनंतर पंधरा दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही कशाला यात पडता? ठराव झालाय. आम्हाला तसाही नवा माणूस आणायचाच होता." त्यांना दोष देऊन मी सुटत नाही. त्या दिवशी घरी जाताना मला हलकं वाटलं होतं. तेवढं एक मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

मग आजच का? पलीकडच्या तलावावरच्या क्लबाला मास्तर हवे आहेत. लहान मुलांना शिकवायला. पण आपला अहवाल तिकडे गेलाय आणि त्यात लिहिलंय की यांनी मुलीला वेळेआधी आखूड दोर दिला. हे वाचून कोण आपलं मूल त्यांच्या हाती देईल? ज्या माणसाने चौदा वर्षांत कोणाला एक फास आधी दिला नाही, त्याच्या नावावर तेवढंच उरलंय.

ही ती वही. त्या दिवशीच्या पानावर "परवानगी" या रकान्यात "मास्तर" लिहिलंय. अक्षर माझं, कॉन्व्हेंटचं, वळणदार. आमच्या सिस्टर म्हणायच्या, अक्षरावरून माणूस कळतो. सिस्टर चुकल्या. आज दुपारी मी ते खोडून तिथे माझं नाव लिहिलं आणि खाली सही केली. अध्यक्ष महोदय, ही वही मी तुमच्यापुढे ठेवते. अहवाल दुरुस्त करून उद्याच पलीकडे पाठवावा, ही विनंती. सभागृहाने ऐकलंय, तेव्हा ठराव झालाय असं आता कोणी म्हणू नये.

मुलांनो, नव्या प्रशिक्षकांनी ते खांबाचं हॅण्डल सोडवून ठेवलंय. कोणीतरी परत बांधा.

लेक उठली आहे. दारात उभे आहात त्यांनी जरा बाजूला व्हा, तिला जाऊ द्या. नाही, तिला थांबवू नका. मास्तर, तुम्ही जाता का तिच्यामागे? मानपत्र राहू द्या खुर्चीवर. मी गेले तर ती आणखी लांब जाईल.

गेले ते. बरं झालं.

अध्यक्ष महोदय, पाच मिनिटांची पंधरा झाली. बोलण्यात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द कमी-जास्त झाला असेल, तर तेवढ्याची क्षमा करा. बाकीच्याची करायला जाऊ नका, ती तुमच्याकडे मागितलेली नाही.