झोपेचा तास

आमच्या हायस्कुलात झोपेचा तास होता, असं सांगितलं तर कोणी मानत नाई! मोहफुलांच्या दिवसांत आम्ही पहाटेपासून जंगलात फुलं वेचायचो आणि गणिताच्या पहिल्या तासाला डुलक्या द्यायचो. नवे हेडमास्तर पुण्याचे. पोरं आजारी समजून ते डॉक्टरले बोलवाले निघाले.

मी म्हटलं, "आजार नाई, गुरुजी. येक दिवस वेचाले चाला, मंग समजल."

गुरुजी खरंच आले. वाकून वाकून दोन टोपल्या भरल्या. शाळेत येताच म्हणाले, "आजपासून पहिला तास झोपेचा! डोकी खाली!"

आम्हाला कुठली झोप? सगळे खिदळून राह्यलो होतो. तेवढ्यात खुर्चीतून घोरणं ऐकू आलं. मॉनिटर असलेल्या शांतीनं ओठांवर बोट ठेवलं.

अख्ख्या वर्षात तेवढाच एक तास आमचा वर्ग चिडीचूप बसला.