भावाच्या दारात पाणी मागितलं

जयभीम. माझं नाव शोभा. गाव सोयगाव तालुक्यातलं, डोंगराच्या पायथ्याचं, बाप जिनिंगमध्ये हमाल आणि आई कापूस वेचायला जायची, मी थोरली, म्हणजे कैलासला मीच कडेवर वागवला. आई रानातून येईस्तोवर त्याचं खाणं, रडणं, मुतणं सगळं माझ्या परकरावर. बाप आधी गेला, मग आई. जाताना आई म्हणाली, शोभे, आता तुझं माहेर म्हणजे हाच, त्याला धरून राहा. काय सांगू तुम्हाला, बाईला म्हातारपणीसुद्धा माहेर लागतं, माझं तर एका माणसाएवढंच उरलेलं.

लग्न होऊन वाळूजला आले. मालक वेल्डर आहेत, कमी बोलणारा माणूस. मी रबराचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत, सीलच्या कडेचं जास्तीचं रबर कातरायचं, दिवसभर तेच काम. कैलासला मीच इथं आणला, मीच ठेकेदाराच्या हातापाया पडून त्याला कंपनीत चिकटवला, आमच्याच वस्तीत मागच्या गल्लीत खोली बघून दिली आणि पोरगीही मीच पसंत केली, फर्दापूरची रेखा. तिचा बाप लेणी बघायला येणाऱ्या लोकांना रंगीत दगड विकायचा. पोरगी हसरी होती, बापासारखी बोलण्यात कुणाला हार जात नव्हती. पुढं त्यांना एक लेक झाली.

आता तुम्हाला आमच्याकडच्या पाण्याचं सांगावं लागेल, नायतर पुढचं कळायचं नाय. नळ आहेत, पण पाणी आठवड्यानं येतं, कधी त्याच्याही पुढं, बाकी सगळा टँकर. तरी आमच्या वस्तीत एक रीत आहे. जयंतीची मिरवणूक असो नायतर मोर्चा असो, ज्या दारावरून जाईल त्या घरानं पाणी पाजायचं, आणि ते घरच्या बाईनं उंबऱ्याबाहेर येऊन पाजायचं. ड्रम कोरडा पडला तरी चालेल, पण मिरवणूक तहानलेली गेली असं कुणी होऊ देत नाय. आमच्या म्हाताऱ्या माणसांनी पाण्यापायी काय काय सोसलं ते आम्ही ऐकलेलं आहे, म्हणून.

तर झालं असं, की दूरच्या एका गावात एका पोरीवर लई वाईट प्रसंग गुदरला. शहरात मोर्चा निघाला, क्रांती चौकातून कलेक्टर हापिसपर्यंत. आम्ही टेम्पो करून गेलो, पांढऱ्या साड्या नेसून, आणि सगळ्यात पुढं बॅनर धरून कोण, तर आमचा कैलास. घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या त्यानं, आमच्या लेकीबाळींना न्याय द्या. मला लई अभिमान वाटला, मी बाजूच्या बाईला दाखवलं, तो बघ, माझा भाऊ.

चार दिवसांनी टँकरवर रेखा माझ्या पुढं होती. कडक ऊन, आणि हिच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा झंपर. हंडा उचलताना बाही वर सरकली. काळंनिळं होतं, कोपरापासून दंडापर्यंत, काही जुनं, काही नवं. मी म्हणलं, हे काय गं? ती म्हणाली, आक्का, तुमच्या भावाचा घसा बसला होता ना, मी चहा गार दिला. एवढंच बोलली आणि हंडा डोक्यावर घेऊन गेली.

मी कैलासला गाठलं, एकदा नाय, अनेकदा. आधी म्हणाला, पडली ती. मग म्हणाला, आक्का, नवराबायकोत तू पडू नको. मग तर माझ्या तोंडावर दार लावलं. तिच्या बापाला बोलावलं, तो बिचारा जावयापुढं हात जोडून परत गेला.

त्याच सुमाराला विहारात बायांची बैठक झाली. पुढचा मोर्चा कधी काढायचा म्हणून बसलो होतो, तर गयाबाई उठली. गयाबाई आमच्यातली सगळ्यात म्हातारी, कंपनीत झाडू मारते, जीभ कात्रीसारखी. म्हणाली, कलेक्टरच्या दारात किती येळा जायचं गं, तो कुठं आपल्याला मारतो? मारणारे आपल्याच गल्लीत हायेत, मोर्चा गल्लीत काढा. सगळ्या हो हो म्हणाल्या. मग ती माझ्याकडं वळली, शोभे, तुझ्या भावाची गल्ली घ्यायची का वळसा घालून जायचं?

मला कळत होतं, मी वळसा म्हणले तर प्रत्येकीला कुणाचं तरी दार वगळायचं होतं, कुणाचा पोरगा, कुणाचा दीर, आणि मग मोर्चाला जायला गल्लीच उरली नसती. आणि मी हो म्हणले तर आईनं दिलेलं तेवढं एक दार मला बंद. मी म्हणलं, पहिलं दार त्याचंच. घरी आल्यावर मालक म्हणाले, विचार कर, तुला तेवढंच माहेर आहे. मी म्हणलं, माहेर माझं आहे, पण मार तिला बसतोय ना.

पण तिला विचारल्याशिवाय कसं जायचं? टँकरच्या रांगेत हळूच विचारलं, आम्ही शुक्रवारी आलो तर चालेल का? तिनं हंडा पुढं सरकवला. मग म्हणाली, सकाळी माझी पोरगी तुमच्याकडं ठेवून जाईन.

शुक्रवारी आमच्या कंपनीला सुट्टी असते. सकाळीच पोरगी माझ्याकडं आली. दुपारी आम्ही निघालो, पांढऱ्या साड्या, घोषणा नाय, बॅनर नाय. कैलास दारात मोटारसायकल पुसत होता. हसला. काय आक्का, रस्ता चुकल्या का, कलेक्टर हापिस तिकडं हाय. मी म्हणलं, तहान लागलीय, पाणी पाज. तो आत जाऊन जग आणि गिलास घेऊन आला. गयाबाई म्हणाली, ठेव बाबा तो, मोर्चाला पाणी घरची बाई पाजते, तुला ठाऊक नाय का? तो म्हणाला, तिला ताप आहे, झोपलीय. गयाबाई म्हणाली, झोपू दे की, उठंस्तोवर बसतो आम्ही. आणि बसलीच, मातीत. मग सगळ्याच बसलो.

तेवढ्यात टँकर आला. गल्ली अरुंद, मध्ये आम्ही. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, उतरला, बघितलं, कुणाला तरी विचारलं आणि इंजिन बंद करून बिडी पेटवली. आता गल्लीतले बापे बाहेर आले, ज्यांना इतके दिवस भिंतीपलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. पाण्यासाठी मात्र सगळ्यांना ऐकू आलं. कैलास, अरे बोलव ना वहिनीला, टँकर अडलाय. अबे बुला ना, माघारी गेला तर पुढचा कधी? सगळे त्याच्यावरच. तो माझ्याकडं बघत होता, लहानपणी पडला की बघायचा तसं, उचलून घे म्हणून. मी बसून राहिले. लई जड गेलं मला ते.

रेखा आतून आली. डोक्यावर हंडा, आणि अंगात अर्ध्या बाह्यांचा झंपर. सगळ्या गल्लीनं तिचे हात बघितले. एकेकीला तांब्या भरून दिला, शेवटी मला दिला. मग रिकामा हंडा त्याच्या पायापाशी ठेवला आणि आमच्या ओळीत येऊन उभी राहिली. तिथून आम्ही सरळ पोलीस ठाण्यात गेलो, तिनं स्वतः तक्रार दिली. निघताना कैलास म्हणाला, आक्का, आजपासून तुला माहेर नाय. मी म्हणलं, बरं.

केस चालू आहे, तारखा पडतात. तो वस्ती सोडून गेला, माझ्याशी बोलत नाय. गावात आईच्या पुण्यतिथीच्या पुण्यानुमोदनाला भेटला तर पाठ फिरवून उभा राहिला. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. रेखा लेकीला घेऊन माझ्या शेजारच्या खोलीत राहते, माझ्याच लाइनवर सील कातरते, तिची शिफ्ट आधी सुटली तर माझा ड्रम भरून ठेवते, चहा उतरवून ठेवते. बाया म्हणतात, शोभाचं माहेर तुटलं. मी म्हणते, तुटलं नाय, एका भिंतीपलीकडं आलं.

आता वस्तीत कुणाचा आवाज चढला की पलीकडून एखादी म्हातारी वरडते, येऊ का रे पाणी प्यायला? हसतात लोक, पण आवाज उतरतो. प्रत्येक येळी उतरतो असं नाय. नाय उतरला तर आम्ही जातो. या शुक्रवारी नाल्यापलीकडच्या गल्लीत जायचंय. तिथलं दार लवकर उघडायचं नाय म्हणतात. नाय उघडलं तर बसू. बसायला आम्हाला येतं.