बोटाखालचा नट

हॅलो?... हॅलो, रेत्नो, बोल... अगं हळू, डाव्या हातात फोन आहे, पडेल...

निघालो? कुठले निघतोय! मी गाडीच्या पोटात आहे... अपघात नाही गं बाई, अपघात नाही! रडू नकोस. आमच्याच दारात उभी आहे. बॉनेट उघडं आहे आणि उजवा हात कोपरापर्यंत आत गेलाय.

नाही, अडकला म्हणजे... कसं सांगू तुला. हात निघतो. पण धरायला चिमूट केली की हात मावत नाही, आणि बोट उचललं की नट जातो.

नट गं, नट! स्टार्टरचा. एवढासा, वाटाण्याएवढा. तुझ्या भावजींनी बरोब्बर निघायच्या दिवशी स्टार्टर खोलला... मला काय विचारतेस? म्हणाले, वाटेत दगा देईल, आत्ताच बघून घेतो. नट काढून कडेला ठेवला, तिथनं घरंगळला.

हो, हो... अगं ऐक ना. जमिनीवर पडला असता तर झाडूनं ओढला असता. स्टार्टर काढला की तिथं गिअरबॉक्सला हे एवढं भोक उघडं पडतं. त्याच्या काठावर जाऊन बसलाय मेला. मी बोटानं दाबून धरलाय. आत गेला की गिअरबॉक्सच उतरवायचा, आणि तो आज कोण उतरवणार? उद्या ईद, सगळे मेकॅनिक गावाला गेले. गल्लीत तुकिमानकाका तेवढे राहिलेत, तेही सामान चढवतायत.

मीच का? माझी बोटं बारीक म्हणून! या घरात काही पडलं की 'विनार्सी, ये जरा'. लग्नाआधी मला बघायला आले होते ना, तेव्हा तोंड नसेलच बघितलं, बोटंच बघितली असतील... हस तू, हस. इथं कंबर गेली कामातून.

तुझे भावजी चुंबक आणायला गेलेत. लांब दांडीचं असतं ना, तसं. कुणाकडे तरी आहे म्हणे. हलू नकोस म्हणाले, आलोच... बराच वेळ झाला गं. बोट बधिर झालंय. त्यात रोजा, घशाला कोरड पडलीय. आणि नाकाला खाज सुटलीय ती वेगळीच.

आई काय करतेय?... दारात? सकाळपासून?... अगं आत ने तिला, ऊन लागेल... बरं, नाही ऐकत तर डोक्यावर काही तरी दे.

डोळ्यांचं काय म्हणाले डॉक्टर?... हं... हं... दुसराही?

पुढच्या ईदेला तिला माझं तोंड दिसेलच असं नाही... असं म्हणाले?

...नाही, रडत नाहीये. नाक पुसता येत नाहीये, म्हणून आवाज तसा येतोय.

सांग तिला, येतोय म्हणून... माहीत आहे मला, तीन वर्षं हेच सांगतेय! एकदा यांची ड्युटी, एकदा ताप, एकदा आणखी काही. पण यंदा येणार म्हणजे येणार. एकदा का चुंबक आलं की...

काय म्हणालीस?... परत बोल. कुणाचा फोन?... यांचा? आईला? कधी?

पहाटे? सहरीच्या वेळी?... 'गाडी मोडलीय, यंदा जमायचं नाही'... तू अर्धवट झोपेत ऐकलं असशील... आई स्वतः बोलली? आणि तरी दारात बसलीय?

अगं पण पहाटे गाडी धडधाकट होती! काल तिच्यातूनच बाजारात जाऊन आलो आम्ही. नट तर आत्ता पडलाय!

नाही. तसे नाहीत ते. उगाच काहीतरी बोलू नकोस... चुंबक आणायला गेलेत म्हटलं ना तुला... नट कसला म्हणजे? पिवळा. पितळेचा आहे...

काय?

...हो गं. पितळेला कुठलं चिकटतंय चुंबक.

मला नाही सुचलं. पण त्यांना? लग्न झाल्यापासून दर सुट्टीला गाडी खोलून बसतात, त्यांना माहीत नाही होय? म्हणजे मला इथं खिळवून ठेवलंय. माझ्याच बोटानं.

का म्हणजे? तुला ठाऊक नाही? मागच्या वेळी आईच्या दारात गाडी बंद पडली, आख्ख्या गल्लीनं ढकलली, आणि तुझ्या पोरानं, त्या हेरूनं, व्हिडिओ काढून साऱ्या नातेवाइकांना पाठवला. 'जावईबापूंची बैलगाडी'... गंमत तुमची झाली गं, हे रात्रभर कूस बदलत होते. मला तेव्हाही वाईट वाटलं होतं, आत्ताही वाटतंय. पण मला सांगायचं ना! मी बसनं आले असते, उभ्यानं आले असते...

थांब. आले वाटतं... हो, चुंबक घेऊन. नाही, फोन ठेवू नकोस.

अहो. पहाटे आईला काय सांगितलंत?

...अहो, तुम्हाला विचारतेय.

चुंबक या हातातून त्या हातात करतायत.

हो, तुकिमानकाकांचाच हॉर्न तो... आपल्या पुर्वोरेजोवरूनच, आईच्या गावावरूनच जातात की ते. काकू सकाळी विचारतही होत्या, मीच नको म्हटलं, आमची गाडी आहे म्हणून... काकू! ओ काकू! थांबा, आले मी!

रेत्नो, तू जरा गप्प बस.

...

ऐकलंस? बोट उचललं मी. गेला नट आत.

ओरडू नका हो! हात सोलून निघालाय माझा, तो बघा आधी. आईशी खोटं बोलला होतात ना? आता खोटं राहिलं नाही. गाडी खरंच मोडलीय. खुशाल सांगा सगळ्यांना, कुणी हसणार नाही... ईदेचे भाताचे केतुपात पातेल्यात आहेत, उद्या गरम करून खा.

हां, रेत्नो... एकटीच. अशीच, तेलकट हातांनी. पोचायला रात्र होईल... नको, आत नको नेऊस तिला, बसू दे. दे तिला फोन.

आई?... हो, मीच... नाही गं, आता नुसतं सांगत नाहीये. निघालेय.