मिटल्या डोळ्यांसमोर

नेत्रतज्ज्ञांच्या प्रतीक्षाकक्षात माझ्या शेजारी दोन प्रौढ मित्र बसले होते. एक सुतार, दुसरा शिंपी. तपासणीचे औषध घातल्यामुळे सुतारास डोळे मिटून बसावयास सांगितले होते. शिंप्याने बोलण्यास आरंभ केला. पुढील संभाषण जसे कानी आले, तसेच सादर करीत आहे.

"डोळे उघडू नकोस हं. एक सांगायचंय."

"लग्न ठरलं की काय तुझं?"

"नाही. बाईशी ठरणारही नाही. मी गे आहे रे. मला पुरुषच आवडतात, पहिल्यापासून."

"थांब जरा. म्हणजे मी माझ्या मेहुणीसाठी तुझ्यामागे हात धुऊन लागलो होतो, तेव्हा तू नुसता ऐकून घेत होतास?"

"तुझं मन मोडवेना."

"आणि तुझं रे, गाढवा? ते कोणी सांभाळायचं?"

"तुझ्या तोंडाकडे बघून सांगायची छाती नव्हती. म्हणून आज सोबत आलो."

"मला वाटलं, माझ्या काळजीनं आलास."

"तीही होतीच की."

"बरं, कोणी आहे का?"

"आहे. बेकरीत कामाला असतो."

"मग रविवारी घेऊन ये जेवायला."

"वहिनींना काय सांगशील?"

"मी कशाला? तूच सांग. तिचे डोळे उघडे असतील, तेवढी तयारी ठेव."

"फार उपकार झाले रे तुझे."

इतक्यात परिचारिकेने सुतारास आत बोलावले.

"उपकार राहू देत. हात धर माझा. आणि आधी नाक पूस, दिसत नसलं तरी ऐकू येतं मला."