न धुतलेले हात

सोजराबाई: म्हंजी पुन्याची शिकाऊ पोरं खाली वेल्ह्याला सोडून तुमी ह्यो चढ चढून आलाव? माज्यासाटी?

समीना: तुमच्यासाठीच, मावशी. ओळखलंत का मला?

सोजराबाई: इसरंन कशी? समीना डाक्टरीन. माजी सून सुप्रिया बाळंतपनात गेली, तवा दवाखान्यात तुमीच व्हता की उशाशी.

समीना: नऊ वर्षं झाली. आता मी डॉक्टर होणाऱ्या मुलांना शिकवते. एकाचा आजार दुसऱ्याला लागू नये म्हणून काय काय करायचं, ते. दर वर्षी सुप्रियाची गोष्ट सांगते, नाव न घेता.

सोजराबाई: सांगा की. म्हातारीनं घरी हात घातला नि सून मारली, म्हनावं. पोरं श्यानी व्हतील.

समीना: तसं नाही सांगत मी.

सोजराबाई: मग कसं? दवाखान्याच्या कागदावर तसंच लिवलं व्हतं. माज्या ल्योकानं, बिरूनं, माज्या म्होरं वाचला. 'घरी दाईने हाताळल्यामुळे शरीरात जंतू गेले.' त्या दिसापासून पोटच्या पोरानं मला नातीला न्हाऊ घालू दिलं न्हाई. धनगरवाड्यातली निम्मी पोरं माज्या हातावर जन्मली, पन एक बाई पुन्यांदा बोलवाया आली न्हाई. म्या बी म्हनलं, बराबर हाय. ह्यो हातच वंगाळ.

समीना: मावशी, तो तुमचा हात नव्हता.

सोजराबाई: आता कशापायी समजूत घालताय?

समीना: समजूत नाही. माझा हात होता. शेजारच्या खाटेवर बाळाबाई होत्या, पायाला गळू झालेल्या. त्यांचा पू काढला आणि तशीच सुप्रियाचे बाळंतपणाचे टाके बघायला आले. दोघींच्या जखमांचे नमुने तपासायला पुण्याला गेले, एकच जंतू निघाला. मोठे साहेब म्हणाले, गप्प बस, नोकरी जाईल. मी गप्प बसले. त्या कागदाखाली माझी सही आहे.



सोजराबाई: पन तुमी तर सारख्या हात धूत व्हता. माज्या डोळ्यांम्होरं.

समीना: धूत होते. आदल्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, "सुनंला हात लावायच्या आदी धुता, लावल्यावर धुता. आमी धनगरं, म्हनून किळस येती व्हय?"

सोजराबाई: म्हनले व्हते.

समीना: फार लागलं ते मला. भोरात एका घरी माझ्या अम्मीला कानतुटका कप वेगळा ठेवलेला असायचा. मीही कुणाला तसंच वागवतेय असं तुम्हाला वाटलं, याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी नळ सुप्रियाच्या खाटेपाशीच होता, तुम्ही माझ्याकडे बघत होतात. नाही धुतले.

सोजराबाई: म्हंजी माज्या हातानं न्हाई, माज्या तोंडानं गेली ती.

समीना: असं नका म्हणू हो! कुणी काही बोललं तरी धुवायचेच, हे मला शिकवलं होतं. तुम्हाला कुणी शिकवलं होतं? चूक माझी. आज खाली वेल्ह्यात शिकवताना एका मुलानं विचारलं, "मॅडम, त्या घरच्यांना हे सांगितलं का?" तशीच निघून आले. बिरू आला की त्यालाही सांगते. लिहून देते.

सोजराबाई: नऊ वरसं, पोरी. रोज ह्याच हातानं भाकर थापली, आन रोज वाटायचं, ह्योच त्यो.

समीना: शिव्या द्या मला, मावशी. मारा.

सोजराबाई: त्यानं सुप्रिया उठून येनार हाय? बस तितं. बकरी घिऊन बिरू यील आता, त्याला सांगितल्याबगार जाऊ नगं. आन तुज्या त्या पोरांना बी एक सांग.

समीना: काय सांगू?

सोजराबाई: हात धुयाच्या आदी मानसाला सांगायचं, का धुतो ते. मला कुनी येवढं बोललं असतं, तर म्या सोता तुज्या हातावर पानी घातलं असतं.